तबेल्यातली शाळा
(पडद्यावरची शाळा : भाग ७)

या लेखमालेत आतापर्यंत भेटलेले बहुतेक मास्तर भले होते आणि शिकलेलेही. आजचा मास्तर भला आहे, पण त्याला स्वतःलाच जेमतेम लिहितावाचता येतं.

आंद्रेई कोंचालोव्स्की यांचा 'पहिला शिक्षक' (१९६५) हा कृष्णधवल सोव्हिएत चित्रपट किर्गिझस्तानातल्या एका डोंगराळ खेड्यात घडतो. काळ १९२०च्या दशकाच्या सुरुवातीचा. राज्य बदललंय, पण गावात अजून बड्या धनिकाचाच शब्द चालतो. सैन्यातून परतलेला दुइशेन तिथं येतो आणि एक पडका तबेला झाडूनपुसून शाळा उघडतो. गाव त्याला हसतं. पोरांनी सरपण गोळा करायचं, गुरं राखायची. त्यांना अक्षरं कशाला हवीत?

दुइशेन पोरांकडून 'समाजवाद' घोकून घेतो. तो त्याला तरी किती कळलाय, कोण जाणे! एक पोरगं निरागसपणे विचारतं, लेनिनसुद्धा मरणार का? मास्तर त्याच्यावर अक्षरशः तुटून पडतो. आणि हाच माणूस बर्फगार ओढ्यातून लहानग्यांना पाठीवर घेऊन पलीकडे पोचवतो. हे दोन्ही दुइशेन एकाच माणसात नांदतात, हे दिग्दर्शक लपवत नाही.

अनाथ अल्तिनायला नातेवाईक त्या धनिकाच्या गळ्यात बांधतात, तेव्हा दुइशेन शिपाई आणून तिला सोडवतो. ही भूमिका करणारी नताल्या अरिनबासारोवा तेव्हा विशीचीही नव्हती. १९६६ साली व्हेनिसला तिला सर्वोत्तम अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला, आणि तो रास्तच होता.

मूळ कथा चिंगिज ऐतमातोव यांची. तिच्यात मोठी विदुषी झालेली अल्तिनाय मास्तरांची कृतज्ञतेने आठवण काढते आणि त्यांनी लावलेले दोन पॉप्लर टेकडीवर डौलात उभे असतात. चित्रपटाने हे पार उलटं केलं. इथं शाळा जळते आणि ती पुन्हा बांधायला लाकूड हवं म्हणून दुइशेन गावाच्या जिव्हाळ्याच्या पॉप्लरवरच कुऱ्हाड चालवतो. गाव संतापतं. अखेर एक म्हातारा त्याच्या मदतीला येतो, एवढंच.

कथेवर श्रद्धेची छाया आहे. नवल याचं, की लेखकाचे वडील तोरेकुल स्वतः कम्युनिस्ट अधिकारी होते आणि १९३८मध्ये त्याच राजवटीने त्यांना गोळ्या घातल्या. तरीही ऐतमातोव यांनी मास्तरावरचा विश्वास सोडला नाही. मला मात्र चित्रपट जास्त प्रामाणिक वाटतो. शाळा येताना गावाकडून काहीतरी हिसकावून घेते, हे तो मान्य करतो. आपल्याकडच्या शाळेवरच्या चित्रपटांना एवढं धाडस क्वचितच जमलंय.

पुढच्या आठवड्यात भूतानला जाऊ. 'लुनाना' हा चित्रपट पाहायला मिळाला तर तोवर जरूर पाहून ठेवा.