मूल बिघडलेलं नाही, त्याचा मेंदू अजून घडतोय

जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव, कुठल्याही शाळेची पालकसभा घ्या, आठवी ते दहावीच्या मुलांबद्दल ठरलेल्या तक्रारी ऐकू येतात. "सर, कालपर्यंत शांत होता, आता उलट उत्तरं देतो." "मुलगी कुणाशी बोलतच नाही." आम्ही शिक्षकही वर्गात रोज हेच बघतो. म्हणून या वयात डोक्यात नेमकं काय चालतं, ते आपण वालिदैननी समजून घेतलं पाहिजे.

सहाव्या वर्षापर्यंत मेंदूचा आकार मोठ्या माणसाच्या सुमारे ९० टक्के झालेला असतो. पण आतलं काम बाकी असतं. किशोरवयात वापरात नसलेल्या जोडण्या गळतात, वापरातल्या पक्क्या होतात. कपाळामागचा भाग सगळ्यात शेवटी तयार होतो, साधारण पंचविशीपर्यंत. राग आवरणं, परिणामाचा विचार करणं, ही कामं त्याच भागाची. भावना आणि मजा यांचा भाग मात्र वयात येतानाच जोर धरतो. म्हणजे ॲक्सिलेटर आधी बसतो, ब्रेक नंतर.

त्यात सोबत मित्र असले की जोर आणखी वाढतो. २००५ साली अमेरिकेत गाडी चालवण्याच्या खेळावर एक प्रयोग झाला. मित्र बघत असताना १३ ते १६ वर्षांच्या मुलांनी एकट्यापेक्षा बराच जास्त धोका पत्करला; मोठ्या माणसांत तसा फरक पडला नाही. पुणे-नाशिक महामार्गावर ट्रिपल सीट मुलं दिसली की हे आठवावं. "पोरगा हुशार आहे, चालवतो नीट" म्हणून चावी देऊ नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५ हजार रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

झोपेचंही तसंच. झोप आणणारं मेलाटोनिन या वयात रात्री उशिरा तयार होऊ लागतं, म्हणून लवकर झोप येत नाही. गरज मात्र ८ ते १० तासांची असते. सकाळी उठत नाही म्हणजे आळशीच, असं नाही. पण रात्री मोबाईल त्याच्या उशाशी नको. आपलाही बाजूला ठेवा, मग तो ऐकेल.

समजून घेणं म्हणजे मोकळीक देणं नव्हे. नियम थोडे ठेवा, पण अम्मी-अब्बू दोघांचे एकच असू द्या. राग चढलेला असताना वाद नको, शांत झाल्यावर बोला. पाहुण्यांसमोर, भावंडांसमोर अपमान करू नका. मारल्याने मूल गप्प बसतं, शिकत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, या दोन-तीन वर्षांच्या वागण्यावरून मोठे निर्णय घेऊ नका. "याचं डोकं अभ्यासात नाही" म्हणून नववीतून काढून गॅरेजला लावणं किंवा मुलीची शाळा बंद करणं, हे जोडण्या पक्क्या होण्याच्या वयातच दार लावण्यासारखं आहे.

मूल दोन आठवड्यांहून जास्त उदास असेल, जेवण-झोप सुटली असेल तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर २४ तास मोफत बोलता येतं, मराठीतही. मरणाची भाषा ऐकू आली तर त्याच दिवशी मदत घ्या, मुलाला एकटं सोडू नका. यात शरमेचं काही नाही. हाही तरबियतचाच भाग आहे.