आक्रमक साल्मोनेला संसर्ग : जागतिक भार व प्रतिबंध

प्रस्तावना :
साल्मोनेला जिवाणू आतड्यापुरता मर्यादित न राहता रक्तात शिरतो, तेव्हा त्या संसर्गास ‘आक्रमक’ म्हणतात. त्याचे दोन प्रकार आहेत : एक विषमज्वर व उपविषमज्वर, म्हणजेच टायफॉइड व पॅराटायफॉइड, आणि दुसरा विषमज्वरेतर संसर्ग.

स्वरूप व भार :
जागतिक अंदाजानुसार २०१७ मध्ये पहिल्या प्रकाराचे सुमारे १ कोटी ४३ लाख रुग्ण होते व १ लाख ३६ हजार मृत्यू झाले. दुसऱ्याचे रुग्ण केवळ ५ लाख ३५ हजार. मृत्यू मात्र ७७,५००. म्हणजे पहिल्यात शंभरी एक, तर दुसऱ्यात चौदा रुग्ण दगावतात. दुसरा प्रकार प्रामुख्याने सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत आढळतो. तेथील बालकांची प्रतिकारशक्ती कुपोषण, हिवताप व एचआयव्ही यांमुळे आधीच खालावलेली असते. अनेकदा जुलाब नसतात, फक्त ताप असतो. त्यामुळे हिवताप समजून निदान चुकते.

प्रतिबंध :
विषमज्वराच्या संयुग्म लसीची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये केली. त्याच वर्षी नवी मुंबई महानगरपालिकेने ९ महिने ते १४ वर्षे वयाच्या मुलांसाठी लसीकरण मोहीम हाती घेतली. परंतु ही लस जिवाणूवरील ‘व्हीआय’ आवरणास लक्ष्य करते. उपविषमज्वराच्या व बहुतेक विषमज्वरेतर जिवाणूंवर ते आवरणच नसते.

समारोप :
तात्पर्य, लस आवश्यक असली तरी पुरेशी नाही. शुद्ध पाणी, मलनिःसारण, बालपोषण, हिवताप-नियंत्रण आणि प्रतिजैविकांचा संयमित वापर यांची जोड मिळाल्याखेरीज हा भार हलका होणार नाही.