कंत्राटी कामाचा मोबदला आणि त्यातील कपाती: गैरसमज आणि वस्तुस्थिती

कंत्राटी कामावर नव्याने रुजू झालेल्या व्यक्तीच्या मनात पहिला मोबदला बँकेत जमा होताना जो गोंधळ उडतो, त्याचे मूळ बहुतेक वेळा एकाच गोष्टीत असते: ‘कंत्राटी’ या एका नावाखाली दोन अगदी भिन्न व्यवस्था नांदतात आणि दोहोंचे कपातीचे नियम वेगळे असतात. पहिल्या व्यवस्थेत व्यक्ती एखाद्या कंत्राटदाराच्या हजेरीपटावर कर्मचारी म्हणून असते आणि प्रत्यक्ष काम मात्र कारखान्यात, रुग्णालयात, महापालिकेत किंवा बँकेत करते. तिला मिळते ते वेतन. दुसऱ्या व्यवस्थेत व्यक्ती स्वतःच सेवा पुरवणारी असते, दरमहा बिल सादर करते आणि तिला मिळते ती व्यावसायिक फी. वेतनातून भविष्य निर्वाह निधी, कामगार विमा आणि व्यवसाय कर कापला जातो. फीमधून उद्गम करकपात, म्हणजेच टीडीएस, कापला जातो. आपण यांपैकी कोणत्या बाजूला आहोत हे न पाहता केलेला हिशेब चुकतोच, आणि ते पाहताना नेमणूकपत्रातील पदनामापेक्षा कामाचे वास्तव अधिक उपयोगी पडते. कामाची वेळ, पद्धत आणि देखरेख दुसऱ्याच्या हाती असेल, हजेरी लागत असेल आणि रजा मंजूर करून घ्यावी लागत असेल, तर तो संबंध नोकरीचा मानण्याकडे कायद्याचा कल असतो.

सर्वांत खोलवर रुजलेला गैरसमज असा की कंत्राटी कामगाराला पीएफ लागू नसतो, किंवा कागदावर ‘एकत्रित मानधन’ असे लिहिले की तो टाळता येतो. वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. १९५२ च्या भविष्य निर्वाह निधी कायद्याने कर्मचाऱ्याची व्याख्या करतानाच कंत्राटदारामार्फत कामावर ठेवलेल्या व्यक्तींचा तीत समावेश केला, आणि २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला ही तरतूद लागू होते. कर्मचाऱ्याची वर्गणी मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेच्या १२ टक्के असते आणि तेवढीच रक्कम नियोक्त्याने घालायची असते. नियोक्त्याच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत आणि उरलेले ३.६७ टक्के भविष्य निर्वाह निधीत जातात. वर्गणीची अनिवार्यता दरमहा १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेशी बांधलेली आहे: त्याहून अधिक वेतनावर प्रथमच नोकरीला लागलेल्या आणि पूर्वी कधीही सभासद नसलेल्या व्यक्तीला योजनेबाहेर राहता येते, परंतु आधीचा सभासद वेतन वाढले म्हणून बाहेर पडत नाही.

एका साध्या पगारपत्रकावरून हे स्पष्ट होते. महाराष्ट्रातील एका पुरुष कंत्राटी कर्मचाऱ्याचे वेतन दरमहा १५,००० रुपये असून ते संपूर्ण मूळ वेतन आणि महागाई भत्ता या स्वरूपात आहे असे धरले, तर पीएफपोटी १,८०० रुपये, राज्य कामगार विमा योजनेपोटी ०.७५ टक्क्याने म्हणजे वरच्या रुपयात पूर्ण करून ११३ रुपये आणि व्यवसाय करापोटी २०० रुपये कापले जाऊन त्याच्या हाती १२,८८७ रुपये येतात. कमी झालेले २,११३ रुपये एकाच वाटेने गेलेले नसतात, ही गोष्ट पगारपत्रक वाचताना सर्वांत महत्त्वाची आहे. त्यांपैकी १,८०० रुपये त्याच कर्मचाऱ्याच्या नावे व्याजासह साठत असतात, ११३ रुपये हा त्याच्या कुटुंबाच्या आरोग्यविम्याचा हप्ता असतो आणि केवळ २०० रुपये हा परत न येणारा कर असतो. शिवाय पगारपत्रकावर सहसा न दिसणारी नियोक्त्याची बाजूही असते: पीएफमध्ये ५५० रुपये, निवृत्तिवेतन योजनेत १,२५० रुपये आणि विमा योजनेत ३.२५ टक्क्याने ४८८ रुपये.

येथेच दुसरा गैरसमज उद्भवतो. दोन्ही बाजूंची वर्गणी कर्मचाऱ्याच्याच वेतनातून कापण्याची मुभा कंत्राटदाराला आहे, असे अनेक नवागतांना कामावर घेतानाच सांगितले जाते. नियोक्त्याचा वाटा ठरलेल्या वेतनातून वजा करण्यास कायद्याने स्पष्ट मनाई आहे. खासगी कंपन्यांत ‘सीटीसी’ म्हणून जो आकडा सांगितला जातो, तो कर्मचाऱ्यावर होणारा कंपनीचा एकूण खर्च असतो आणि त्यात नियोक्त्याचा वाटा आधीच मिळवलेला असतो. म्हणून नोकरी स्वीकारताना सीटीसी न विचारता एकूण वेतन किती आणि हाती येणारे किती, हे दोन आकडे लेखी मागणे अधिक शहाणपणाचे ठरते. कंत्राटदाराच्या कमिशनचेही तसेच आहे. माणसे पुरवण्याबद्दल कंत्राटदाराला मिळणारे सेवाशुल्क हा त्याच्यात आणि काम करून घेणाऱ्या मुख्य नियोक्त्यात ठरलेला व्यवहार असून, वेतनातून कोणत्या कपाती करता येतात याची जी यादी १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात होती आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत आहे, तीत अशा कमिशनला जागा नाही. सर्व कपातींची बेरीज वेतनाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नये, अशीही मर्यादा त्या संहितेत आहे.

पीएफविषयीचा आणखी एक गैरसमज नुकसानीच्या दृष्टीने याहून गंभीर आहे, कारण त्याचा फटका पुष्कळ वर्षांनी बसतो. कंत्राटदार बदलला की जुना पीएफ काढून घ्यायचा आणि नवे खाते उघडायचे, अशी रीत अनेक ठिकाणी पडून गेली आहे. प्रत्यक्षात यूएएन हा बारा अंकी क्रमांक व्यक्तीचा असतो, कंत्राटदाराचा नव्हे. कंत्राटदार बदलला तरी तोच क्रमांक पुढे चालवायचा असतो आणि जुनी रक्कम नव्या खात्यात वर्ग करायची असते. निवृत्तिवेतनाचा हक्क मिळण्यासाठी १० वर्षांची पात्र सेवा लागते आणि वेगवेगळ्या कंत्राटदारांकडे केलेली सेवा तीत एकत्र मोजली जाते. मात्र मधल्या टप्प्यावर निवृत्तिवेतन योजनेतील रक्कम काढून घेतली, तर तेवढ्या सेवेवरचा हक्क संपतो. कंत्राटे वर्ष-दोन वर्षांनी बदलत असल्यामुळे प्रत्येक वेळी रक्कम काढून घेणारा कामगार वीस वर्षे राबूनही निवृत्तिवेतनास अपात्र ठरू शकतो, आणि ही हानी त्याच्या हाती आलेल्या काही हजार रुपयांच्या तुलनेत फार मोठी असते. पाच वर्षांची सलग सेवा होण्यापूर्वी ५०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम काढल्यास तिच्यावर १० टक्के टीडीएसही लागतो. रक्कम वर्ग केलेली असल्यास आधीच्या नोकरीचा काळ या पाच वर्षांत धरला जातो.

राज्य कामगार विमा योजनेची कपात ‘सरकारी दवाखान्यासाठी विनाकारण जाणारे पैसे’ मानली जाते, तेही वस्तुस्थितीला धरून नाही. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांना लागू असणाऱ्या या योजनेत विमाधारकासह कुटुंबाला वैद्यकीय उपचार मिळतात, कामावर अपघात झाल्यास भरपाई मिळते, आणि आजारपणात वेतन बुडाल्यास, संबंधित वर्गणीकाळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर, सरासरी दैनिक वेतनाच्या ७० टक्के दराने वर्षात ९१ दिवसांपर्यंत रोख लाभ मिळतो. वेतन मध्येच २१,००० च्या वर गेले तरी एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च हा चालू वर्गणीकाळ संपेपर्यंत कपात आणि संरक्षण दोन्ही चालू राहतात, त्यामुळे वेतनवाढीनंतरही दिसणारी ही कपात चुकीची नसते.

व्यवसाय कर हा आयकराचाच भाग आहे हा समज थोडक्यात निकालात काढता येतो. तो राज्याचा कर आहे, राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ नुसार तो वर्षाला २,५०० रुपयांहून अधिक असू शकत नाही, आणि म्हणूनच महाराष्ट्रात दरमहा १०,००० रुपयांहून अधिक वेतन असलेल्या पुरुषाच्या पगारातून अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये जातात. स्त्रियांना दरमहा २५,००० रुपयांपर्यंतच्या वेतनावर हा कर नाही. वरच्या उदाहरणातील कर्मचारी स्त्री असती, तर तिच्या हाती १३,०८७ रुपये यायला हवे होते. जून आणि डिसेंबर महिन्यांत दिसणारी अगदी लहान कपात कामगार कल्याण निधीची असते.

फी घेऊन काम करणाऱ्यांचे गैरसमज वेगळे असतात आणि ते मुख्यतः टीडीएसभोवती फिरतात. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी आयकर कायदा, २०२५ लागू झाला असून त्यात पगारावरील कपात कलम ३९२ मध्ये आणि इतर देयकांवरील कपाती कलम ३९३ मध्ये आल्या आहेत. तथापि व्यवहारात जुने क्रमांकच तोंडी असल्यामुळे येथे तेच वापरले आहेत. कलम १९४-जे नुसार व्यावसायिक फीवर १० टक्के आणि तांत्रिक सेवांच्या फीवर २ टक्के कपात होते, तर कलम १९४-सी नुसार कंत्राटी कामाच्या देयकावर ती व्यक्तीच्या बाबतीत १ टक्का असते. पॅन न दिल्यास हाच दर २० टक्क्यांवर जातो.

‘१० टक्के कापले, म्हणजे कर भरून झाला’ हा या वर्गातील मुख्य गैरसमज. टीडीएस हा अंतिम कर नसून वर्षाच्या कराची आगाऊ उचल आहे. खरा कर वर्षभराच्या एकूण उत्पन्नावर टप्प्याटप्प्याच्या दरांनी ठरतो आणि आधी कापलेली रक्कम त्यातून वळती होते. फरक दोन्ही दिशांना पडू शकतो. दरमहा ६०,००० रुपये फी असलेल्या व्यक्तीच्या बाबतीत महिन्याला ६,००० रुपये कापले जाऊन वर्षात ७२,००० रुपये जमा होतात, पण आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत १२ लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर करसवलतीमुळे कर शून्य असल्याने, अन्य उत्पन्न नसल्यास हे सर्वच्या सर्व ७२,००० रुपये परत मिळू शकतात. ते आपोआप मिळत नाहीत; त्यासाठी विवरणपत्र भरावेच लागते, आणि ‘कर लागत नाही, मग विवरणपत्र कशाला’ या समजुतीने नवखे लोक स्वतःच्या हक्काचे पैसे सोडून देतात, ही खेदाची गोष्ट आहे. याउलट सर्व खर्च वजा जाऊन २४ लाख रुपये करपात्र उत्पन्न असलेल्याचा कर उपकरासह ३,१२,००० रुपये होतो. त्याची एकूण फी २५ लाख आणि टीडीएस २,५०,००० रुपये असेल, तर ६२,००० रुपये स्वतः भरावे लागतात. टीडीएस वजा जाऊन उरणारा कर १०,००० रुपये किंवा अधिक असेल, तर तो जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्च या महिन्यांच्या १५ तारखेपर्यंत हप्त्यांनी आगाऊ भरायचा असतो, अन्यथा दरमहा १ टक्का दराने व्याज लागते.

पगारदारांना मिळणारी ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट फी घेणाऱ्यांना मिळत नाही. त्याऐवजी कामासाठी झालेला खरा खर्च, म्हणजे प्रवास, इंटरनेट, कार्यालयाचे भाडे, संगणकावरील घसारा, वजा करता येतो. आणि वैद्यकीय, विधी, अभियांत्रिकी, लेखाकर्म, तांत्रिक सल्ला यांसारख्या ठरावीक व्यवसायांतील व्यक्तींना, वार्षिक जमा ५० लाखांपर्यंत असल्यास, कलम ४४-एडीए नुसार जमेच्या निम्मी रक्कम हेच उत्पन्न मानून मोकळे होता येते. फॉर्म १५-जी दिल्यास फीवरील टीडीएस टळतो ही समजूतही चुकीची आहे: तो नमुना बँकेच्या व्याजासारख्या ठरावीक उत्पन्नांसाठी असून फीसाठी त्याचा उपयोग होत नाही. फीवरील कपात कमी करून हवी असल्यास कलम १९७ नुसार प्राप्तिकर अधिकाऱ्याकडून तसा दाखला घ्यावा लागतो. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणी आवश्यक ठरते, पण बिलात जीएसटी वेगळा दाखवलेला असेल तर त्या रकमेवर टीडीएस कापायचा नसतो.

काही संस्था नोकरीसारखेच काम करून घेतात आणि पीएफ टाळण्यासाठी १० टक्के कापून त्याला फी म्हणतात. टीडीएसचे कलम बदलल्याने कामाचे स्वरूप बदलत नाही, आणि अशा प्रकरणांत भविष्य निर्वाह निधी कार्यालय चौकशी करून थकीत वर्गणी नियोक्त्याकडून वसूल करू शकते.

कापलेली रक्कम सरकारजमा झालीच असेल, हे गृहीत धरण्याची सवय मात्र सर्वच नवागतांत आढळते. टीडीएसच्या बाबतीत दर तिमाहीला मिळणारे फॉर्म १६-ए आणि आयकर संकेतस्थळावरील २६-एएस विवरण ताडून पाहिल्याशिवाय ते कळत नाही. रक्कम कापून ती न भरणाऱ्या कंपनीऐवजी त्याच कराची मागणी करदात्याकडे करता येत नाही, असे संरक्षण कलम २०५ ने दिलेले होते. परंतु त्यासाठी कपात झाल्याचा पुरावा म्हणून बिलाची प्रत आणि बँकेतील निव्वळ जमेची नोंद जपून ठेवावी लागते. पीएफच्या बाबतीत हेच काम पासबुक करते. त्यात एखाद्या महिन्याची जमा दिसत नसेल आणि कंत्राटदार दाद देत नसेल, तर मुख्य नियोक्त्याकडे लेखी मागणी करता येते, कारण कंत्राटदाराने वेतन थकवले किंवा वर्गणी भरली नाही तर ती देण्याची जबाबदारी मुख्य नियोक्त्यावर येते आणि ती रक्कम पुढे कंत्राटदाराच्या बिलातून वसूल करण्याचा अधिकार कायद्याने त्याला दिलेला आहे.