अमेरिकन राज्यव्यवस्थेचा अभ्यास : मूल्य, संस्था आणि खटला

बी.ए.च्या राज्यशास्त्र अभ्यासक्रमात अमेरिकेची राज्यघटना बहुधा तौलनिक शासनसंस्थांच्या पेपरमध्ये येते. सिनेटचे १०० सभासद, प्रतिनिधीगृहाचे ४३५, राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीतील ५३८ निर्वाचक, सत्ताविभाजन, न्यायालयीन पुनर्विलोकन ही माहिती विद्यार्थी पाठ करतो, उत्तरपत्रिकेत उतरवतो आणि विसरतो. दुसरीकडे, अमेरिकेविषयीचे त्याचे मत वर्तमानपत्रांतून आणि घरच्या चर्चेतून आधीच तयार झालेले असते. कोणाला ती स्वातंत्र्याची भूमी वाटते, तर कोणाला केवळ एक आक्रमक महासत्ता. मुस्लिम विद्यार्थ्यांत दुसऱ्या मताचे प्रमाण अधिक आढळणे स्वाभाविक आहे. मात्र पाठांतर आणि पूर्वग्रह या दोहोंतून अभ्यास घडत नाही. अमेरिकन राज्यव्यवस्था समजून घेण्याचा एक सोपा मार्ग म्हणजे एखादे मूल्य घ्यावे, ते कोणत्या संस्थेच्या हाती आहे हे पाहावे आणि एखाद्या खटल्यात त्याचे काय झाले हे तपासावे.

भारतीय अभ्यासपरंपरा

हा विषय आपल्याकडे परका नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांची दास्यमुक्ती करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठाच्या परिसरात १९६४ साली अमेरिकाविषयक अभ्यासाचे संशोधन केंद्र सुरू झाले आणि देशभरातील अनेक अभ्यासकांनी त्याच्या ग्रंथालयाचा लाभ घेतला. फुल्यांनी अमेरिकेकडे पाहिले ते आपल्या समाजातील प्रश्न डोळ्यांसमोर ठेवून. अभ्यासाची ही दृष्टी आजही उपयोगी आहे.

मूल्य : धर्मस्वातंत्र्य

अल्पसंख्य समाजाच्या विद्यार्थ्याला सर्वांत जवळचे वाटणारे मूल्य धर्मस्वातंत्र्याचे. अमेरिकेच्या मूळ संविधानातील सहाव्या अनुच्छेदानुसार कोणत्याही सरकारी पदासाठी धर्माची अट घालता येत नाही. १७९१ साली अमलात आलेल्या पहिल्या घटनादुरुस्तीत दोन गोष्टी आहेत. काँग्रेसने कोणताही धर्म प्रस्थापित करणारा कायदा करू नये, ही पहिली. धर्माच्या मुक्त आचरणास मनाई करणारा कायदा करू नये, ही दुसरी. ‘धर्मनिरपेक्ष’ या अर्थाचा शब्द त्या संविधानात कोठेही नाही.

येथे भाषेच्या शिक्षकाने थोडे थांबावे. ‘सेक्युलर’ या शब्दासाठी उर्दूत पूर्वी ‘लादीनी’ असा शब्द रूढ होता. त्याचा अर्थ धर्महीन असा होतो. मराठीत ‘धर्मनिरपेक्ष’ म्हणतात, म्हणजे धर्माची अपेक्षा न ठेवणारे. या दोन शब्दांमुळे विद्यार्थ्याच्या मनात दोन निरनिराळी चित्रे उभी राहतात. अमेरिकन तरतूद मात्र राज्यसत्तेच्या हातावर बंधन घालते. श्रद्धावंताला श्रद्धा सोडावयास सांगत नाही. एवढा भेद स्पष्ट झाला तरी वर्गातील निम्मे गैरसमज दूर होतात.

संस्था आणि खटला : ध्वजवंदनाचे दोन निकाल

१९३५ साली पेनसिल्व्हेनिया राज्यातील मायनर्सव्हिल या गावी यहोवाचे साक्षीदार या छोट्या ख्रिस्ती पंथातील दोन भावंडांना शाळेतून काढण्यात आले. राष्ट्रध्वजाला वंदन करणे त्यांच्या श्रद्धेत मूर्तिपूजेसारखे होते. १९४० साली सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ मताने शाळेच्या बाजूने निकाल दिला. राष्ट्रीय ऐक्य हा राष्ट्राच्या सुरक्षिततेचा पाया आहे, असा बहुमताचा युक्तिवाद होता. न्यायमूर्ती स्टोन एकटे विरोधात राहिले. निकालानंतर या पंथाच्या लोकांवर अनेक ठिकाणी हल्ले झाले.

तीनच वर्षांनी, १९४३ मध्ये, वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील तशाच खटल्यात न्यायालयाने आपला निकाल ६ विरुद्ध ३ मताने फिरवला. महायुद्ध ऐन भरात होते. ज्या काळात अल्पसंख्याकांच्या निष्ठेची परीक्षा घेण्याचा मोह सर्वाधिक असतो, त्याच काळात हे घडले. आधीच्या बहुमतातील तीन न्यायमूर्तींनी आपली चूक मान्य केली होती, स्टोन सरन्यायाधीश झाले होते आणि दोन नवे न्यायमूर्ती आले होते. निकालपत्र न्यायमूर्ती जॅक्सन यांनी लिहिले. त्यांनी धर्माच्या आधारे सवलत दिली नाही. कोणत्याही नागरिकाकडून त्याच्या मनाविरुद्ध एखादे मत वदवून घेण्याचा सरकारला अधिकार नाही, असे व्यापक तत्त्व त्यांनी मांडले. एका लहान पंथाच्या मुलांमुळे प्रत्येक नागरिकाला संरक्षण मिळाले.

या निकालांचा भारताशी थेट संबंध आहे. केरळमध्ये १९८५ साली याच पंथाच्या तीन मुलांना राष्ट्रगीत न गायल्यामुळे शाळेतून काढले गेले. ती मुले राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत. फक्त गात नसत. १९८६ साली ‘बिजो इमॅन्युअल विरुद्ध केरळ राज्य’ या खटल्यात न्यायमूर्ती चिनप्पा रेड्डी यांनी निकालपत्र लिहिले. त्यात अमेरिकेच्या या दोन्ही निकालांची चर्चा आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अनुच्छेद १९ आणि २५ यांच्या आधारे मुलांना शाळेत परत घेण्याचा आदेश दिला.

संस्थांची परस्पर ओढाताण : दाढीचा खटला

हक्काचे रक्षण केवळ न्यायालय करते, असा विद्यार्थ्यांचा समज असतो. पुढील क्रम त्यांना वेगळे चित्र दाखवील.

१९९० साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, कायदा सर्वांना सारखा लागू असेल आणि धर्माला लक्ष्य करणारा नसेल, तर धार्मिक कारणासाठी त्यातून सूट मागता येत नाही. मूलनिवासी चर्चच्या दोन सभासदांच्या विधीशी संबंधित तो खटला होता. या निकालावर ख्रिस्ती, ज्यू, मुस्लिम अशा सर्व स्तरांतून नाराजी व्यक्त झाली. १९९३ साली काँग्रेसने कायदा करून धर्माचरणाला अधिक संरक्षण दिले. १९९७ साली न्यायालयाने तो कायदा घटक राज्यांपुरता रद्द केला. २००० साली काँग्रेसने धार्मिक संस्थांच्या जमिनींचा वापर आणि कैद्यांचे धर्माचरण यांपुरता मर्यादित असा नवा कायदा केला.

२०१५ साली आर्कान्सा राज्यातील एका मुस्लिम कैद्याने याच कायद्याचा आधार घेतला. त्याला अर्धा इंच दाढी ठेवावयाची होती. दाढीत वस्तू लपवता येतील, असे तुरुंगाचे म्हणणे होते. डोक्यावरच्या केसांना परवानगी असताना अर्ध्या इंचाच्या दाढीला हरकत का, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर तुरुंगाला देता आले नाही. न्यायालयाने एकमताने कैद्याच्या बाजूने निकाल दिला. एका माणसाच्या दाढीमागे पंचवीस वर्षांची न्यायालय आणि विधिमंडळ यांची ओढाताण उभी होती. सत्ताविभाजन म्हणजे काय, हे यावरून व्याख्येपेक्षा लवकर समजते.

तत्त्व आणि व्यवहार यांतील अंतर

येथेच थांबल्यास चित्र एकांगी होईल. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना घरेदारे सोडून छावण्यांत राहावे लागले. त्यांतील बहुसंख्य अमेरिकेचे नागरिक होते. या धोरणाखालील हद्दपारीच्या आदेशाला १९४४ साली सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मताने मान्यता दिली. त्या वेळचे बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती ब्लॅक यांचे होते, आणि १९४३ च्या खटल्यात हेच ब्लॅक मुलांच्या बाजूला होते. जॅक्सन मात्र या वेळीही अल्पसंख्याकांच्या बाजूने, म्हणजे विरोधी मतात राहिले. सरकारने माफी मागून हयात असलेल्या पीडितांना प्रत्येकी २० हजार डॉलर देण्याचा कायदा केला तो १९८८ साली.

२०१८ साली काही मुस्लिमबहुल देशांच्या नागरिकांवरील प्रवेशबंदी न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मताने वैध ठरवली. त्याच निकालात सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी १९४४ चा निकाल चुकीचा होता असे नमूद केले. न्यायमूर्ती सोटोमायोर यांनी आपल्या विरोधी मतात नव्या निकालातही जुन्याच चुकीची छाया दाखवली. २०२१ साली नव्या राष्ट्राध्यक्षांनी ही बंदी उठवली. जून २०२५ मध्ये वेगळ्या यादीचा नवा आदेश निघाला. ज्या व्यवस्थेत कैद्याच्या दाढीला एकमताने न्याय मिळतो, त्याच व्यवस्थेत हेही घडते. दोन्ही निकाल एकत्र वाचल्याशिवाय अभ्यास पूर्ण होत नाही.

वर्गातील उपयोग

या पद्धतीने शिकवताना पुढील गोष्टी करता येतील :

१. प्रत्येक घटकासाठी एकच खटला निवडावा आणि त्याचा सारांश विद्यार्थ्यांच्या भाषेत, मराठीत किंवा उर्दूत, एका पानात तयार करावा.

२. बहुमत आणि विरोधी मत दोन्ही वाचून घ्यावीत. वर्गाचे दोन गट करून प्रत्येकाला स्वतःला न पटणारी बाजू मांडावयास सांगावी.

३. ‘हक्क कोणी दिला?’ यासोबत ‘तो कोणी मागितला आणि कोणत्या संस्थेकडे मागितला?’ हा प्रश्न अवश्य विचारावा.

४. शेवटी भारतीय संविधानातील समांतर अनुच्छेद काढून तुलना करावी. केरळचा खटला यासाठी उत्तम आहे.

संविधानातील शब्द आपोआप कोणाचे रक्षण करीत नाहीत. मायनर्सव्हिलची मुले, केरळची मुले आणि आर्कान्साचा कैदी यांनी ते शब्द योग्य संस्थेपुढे, योग्य युक्तिवादासह नेले. म्हणून त्यांना अर्थ प्राप्त झाला. आपल्या महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याला अमेरिकेची स्तुती किंवा निंदा शिकवण्याची गरज नाही. संविधान वाचावे कसे आणि त्याच्या आधारे आपले म्हणणे मांडावे कसे, हे तो या अभ्यासातून शिकला तर ती शिदोरी त्याला स्वतःच्या देशात आयुष्यभर उपयोगी पडेल.