धड्याशेजारचा चौकोन

वर्सोव्याच्या कोळीवाड्यातले पालक विचारतात, बालभारतीच्या पुस्तकातल्या त्या काळ्या-पांढऱ्या चौकोनात धडा साठवलेला असतो का? नाही. क्यूआर कोडमध्ये असतो फक्त पत्ता. फोन तो वाचतो आणि दीक्षा अ‍ॅपवरचा व्हिडिओ इंटरनेटवरून येतो. म्हणजे नेटपॅक हवाच. घरातला एकुलता फोन वडिलांबरोबर होडीवर गेला, तर चौकोन मुका.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी हे कोड पाठ्यपुस्तकांत रुजवले. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. त्यांनी छापील पुस्तकालाच बोलतं केलं, याचं मला फार मोल वाटतं. पण व्हिडिओ पाहिला म्हणजे वाचता आलं असं होत नाही. आधी मुलाला उतारा मोठ्यानं वाचू द्या, अडलेल्या शब्दावर बोट ठेवू द्या, कोड त्यानंतर.