अंधारात पारा शोधणारं यंत्र

नदीच्या पाण्यातला पारा मोजायचा तर बाटलीवर श्वाससुद्धा सोडायचा नाही. दातांत चांदीसारखं जुनं फिलिंग असेल, तर त्यातला पारा श्वासावाटे पाण्यात उतरू शकतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या नियमावलीत तशी ताकीदच आहे. नमुना घ्यायला दोघं जातात. बाटलीला एकानंच हात लावायचा. खोकी, पंप, बाहेरची पिशवी दुसऱ्यानं सांभाळायची. सोवळंओवळं आपल्याला नवं नाही; इथे त्याला कारण आहे, एवढंच.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 1 मायक्रोग्रॅम, म्हणजे 1000 नॅनोग्रॅम पारा चालतो. पण नदी-तळ्यातल्या पाऱ्याचा मिथाइल पारा होतो, तो माशांत साठत जातो आणि मोठ्या माशात पाण्याच्या लाखो पटींनी भरतो. जपानमधल्या मिनामातात 1956 साली उघडकीला आलेल्या विषबाधेनं अशा माशांचा धोका पुढे जगाला दाखवला. म्हणून अमेरिकेनं 1995 मध्ये ग्रेट लेक्ससाठी, मासे खाणाऱ्या पशुपक्ष्यांच्या हिशेबानं, 1.3 नॅनोग्रॅमची मर्यादा घातली. तेव्हाची रुळलेली पद्धत 200 नॅनोग्रॅमच्या खाली आंधळी होती! 1999 मध्ये मंजूर झालेली 1631 क्रमांकाची पद्धत 0.2 नॅनोग्रॅमपर्यंत पोचते.

ब्रोमीन मोनोक्लोराइड घातलं की पाण्यातला सगळा पारा एका रूपात येतो. स्टॅनस क्लोराइड त्याचा मूळ धातू करतं. मग पाण्यातून वायूचे बुडबुडे सोडले की पाऱ्याची वाफ निघते आणि सोन्याचा मुलामा दिलेल्या वाळूत अडकते. सोनं पारा धरून ठेवतं, हे मुलामा चढवणाऱ्या कारागिरांना पूर्वापार ठाऊक. वाळू तापवली की साठलेला पारा एका दमात सुटतो. आर्गॉन तो दिव्यासमोर नेतो. तिथे हवा शिरली तर मोजायची ती पाऱ्याची चमक विझते.

दिवा 253.7 नॅनोमीटरचा, अतिनील. पाऱ्याचे अणू तो प्रकाश गिळतात आणि तोच चहूकडे फेकतात. जुन्या पद्धतीत दिव्याचा उजेड किती घटला ते बघत. भल्या मोठ्या आकड्यातली चिमूटभर घट सापडणार कशी? इथे प्रकाशग्राहक दिव्याशी काटकोनात, अंधारात बसतो. पारा नसेल तर त्याला जवळजवळ काहीच दिसत नाही. असेल तेवढंच चमकतं. माझ्या मते यंत्राची सगळी हुशारी या काटकोनात आहे.

बाकी कष्ट नमुने ओढून घेणारी स्वयंचलित सुई उपसते, आणि माणूस लांब राहतो हा त्यातला मोठा फायदा. कारखान्याच्या नाल्याचं पाणी मात्र तिलाही जड जातं: नळ्यांत पारा चिकटून राहतो, पुढचे आकडे फुगतात. म्हणून ट्रेमध्ये नदीचे नमुने आधी लावायचे, नाल्याचे शेवटी, आणि त्यानंतर शुद्ध पाणी, आकडा खाली येईपर्यंत.