अजिंठ्याच्या अंधारात गिरवलेले चेहरे

भुसावळच्या ख्रिस्ती दफनभूमीत रॉबर्ट गिल या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याची कबर आहे. १८४४ साली कंपनी सरकारने त्याला अजिंठ्याची चित्रे उतरवून घ्यायला धाडले आणि १८७९ मध्ये मरेपर्यंत तो या मुलखातलाच होऊन गेला. लेण्यांच्या अंधारात वर्षानुवर्षे बसून त्याने तैलरंगात मोठमोठ्या प्रती केल्या. त्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या होत्या. डिसेंबर १८६६ च्या आगीतून मोजक्याच वाचल्या.

काम पुन्हा पहिल्यापासून! १८७२ पासून मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपले हिंदी विद्यार्थी घेऊन अजिंठ्याला येऊ लागले. १८८५ पर्यंत हे चालले. सरकारच्या लेखी ही चित्रांची नोंद होती. त्या तरुणांसाठी मात्र ती माणसाचा चेहरा रंगवण्याची शाळा होती, आणि मला अद्भुत वाटते ते हेच.

जे. जे. मध्ये प्लास्टरचे पुतळे समोर ठेवून हात बसवला जाई. उजेड एका बाजूने, सावली दुसऱ्या बाजूला, त्यातून नाक-गाल-हनुवटी उठून येणार. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातल्या बोधिसत्त्व पद्मपाणीसमोर हा हिशेब चालतच नाही. त्या चेहऱ्यावर उजेड कुठल्याच एका बाजूने येत नाही आणि मागे पडछायाही नाही. चित्रकाराने आधी गेरूसारख्या तांबड्या रंगाने आकार आखला, मग रंग भरला, कडांकडे तो गडद करत नेला, नाकाच्या दांड्यासारख्या उंच जागी उजळ रंगाचा हात फिरवला आणि शेवटी रेषा पुन्हा पक्की केली. गोलाई आली ती अवयवाच्या उंच-सखलपणातून. नक्कल करणाऱ्याला हा सगळा प्रवास उलटा करावा लागतो. रंगाचा पापुद्रा जिथे गळून पडला आहे, तिथे खालची पहिली रेषा उघडी दिसते. शिकणाऱ्याला याहून मोठे दान कोणते?

शिवाय साहित्यही निराळे. भिंतीवर माती, भुसा आणि चुन्याचा पातळ थर. रंग गेरू, पिवळी माती, काजळी असे, निळा मात्र अफगाणिस्तानातल्या लाजवर्दचा. विद्यार्थ्यांच्या हातात कॅनव्हास आणि तैलरंग. म्हणजे प्रत्येक छटा नव्याने शोधायची.

सोळाव्या लेण्यात, भिक्षू झालेल्या नंदाचा मुकुट परत आलेला पाहून कोसळलेली त्याची पत्नी सुंदरी आहे. झुकलेली मान, गळून गेलेले अंग. रेषेत फ्लॉरेन्स आणि रंगात व्हेनिस सरस ठरेल, पण भावात या चित्रापुढे कुणी नाही, असा ग्रिफिथ्सचा निर्वाळा होता.

या विद्यार्थ्यांत १८५१ साली जन्मलेले पेस्तनजी बोमनजी होते. पुढे ते मुंबईचे नावाजलेले व्यक्तिचित्रकार झाले. तैलरंगातले धडे त्यांना व्हॅलेंटाईन प्रिन्सेप या इंग्रज चित्रकाराकडूनही मिळाले, हे खरे. तरीही त्यांच्या पारशी माणसांच्या चेहऱ्यांवरचा शांत, आत वळलेला भाव पाहताना मला अजिंठाच आठवतो.

या प्रतींच्या नशिबीही आग होतीच. १८८५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमध्ये त्यांतल्या पुष्कळ जळाल्या. वाचलेल्या आज तिथल्याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. अजिंठ्याच्या भिंतीवरून पुढच्या काळात झडून गेलेले काही भाग आता त्या विद्यार्थ्यांच्या कॅनव्हासवरच पाहायला मिळतात.